गोतवेलीचा सांधा: एका काल्पनिक वसाहती जीवाची पाण्यापायी झालेली फेरमांडणी

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या पाच जणांच्या एका गटाने विज्ञान प्रदर्शनासाठी एक काल्पनिक ग्रह रचायला घेतला. गाव, महाविद्यालय आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. या छंदाला अनुमानित उत्क्रांती म्हणतात. जीवशास्त्राचे आणि भौतिकीचे नियम जसेच्या तसे धरायचे, आणि घडली नाही पण घडू शकली असती अशी सजीवसृष्टी त्यावर उभी करायची. ड्रॅगन चालत नाही. चाललाच तर त्याने रोज काय खाल्लं याचा हिशेब द्यावा लागतो.

ग्रहाचं हवामान गटाने घरचंच घेतलं. पाऊस चार महिने, मग कोरड, आणि शेवटचे ७५ दिवस ४५ अंशांच्या घरातला उन्हाळा. जमीन बेसाल्टपासून झालेली काळी, चुनखडीचे खडे असलेली, उन्हात भेगाळणारी. सूर्यप्रकाश खानदेशाइतकाच, म्हणजे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५.५ किलोवॉट-तास. गुरुत्वाकर्षण तेवढं कमी ठेवलं: ८ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या सुमारे ८२ टक्के.

या ग्रहावरचा मुख्य जीव म्हणजे गोतवेल. नावात वेल असली तरी ती वनस्पती नाही. प्रवाळ किंवा ब्रायोझोआ (पाण्यात वसाहत करून राहणारे बारीक प्राणी) यांच्यासारखी ती वसाहत आहे: एका पिलापासून, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतो तशा कोंबापासून, फुटत फुटत झालेले शेकडो छोटे घटकजीव, एकमेकांना चिकटलेले, एकाच सामाईक नळीतून खाणारे-पिणारे. आपल्याकडच्या समुद्रातल्या सायफोनोफोर गटात अशी कामाची वाटणी दिसते. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर दिसायला एक प्राणी, पण त्यात तरंगणारा, शिकार करणारा, पचवणारा आणि प्रजनन करणारा असे वेगवेगळे घटकजीव असतात आणि ते सगळे एकाच फलित अंड्यातून आलेले असतात. गोतवेलीत गटाने चार प्रकार ठेवले. उन्हातून साखर करणारा पानकरी, पाणी वर चढवणारा पाणक्या, टोचणारा राखण्या आणि गळून पडून नवी वसाहत सुरू करणारा पिलक्या. केळीच्या बागांत वाढलेल्या पोरांना पिल हा शब्द शोधावा लागला नाही.

पहिल्या आराखड्यात गोतवेल ९ मीटर उंच होती. चित्रं सुरेख झाली होती.

अडचण

अडचण एका प्रश्नातून निघाली. गटातल्या एकाचे वडील केळी लावतात. भिंतीवरचा तक्ता बघून त्यांनी विचारलं, "पाणी वर कोण चढवतं रे भाऊ?"

"नाना, हा पाणक्या. खाली बसतो आणि पंपासारखा दाबतो."

"एकटा? नऊ मीटर?"

हिशेब मांडल्यावर दिसलं ते असं. ९ मीटरचा पाण्याचा स्तंभ या ग्रहावर तळाशी ७२ किलोपास्कल दाब टाकतो, म्हणजे ५४० मिलिमीटर पारा. माणसाचं निरोगी हृदय आकुंचन पावताना १२० मिलिमीटरच्या आसपास दाब देतं. म्हणजे तळाशी बसलेल्या मऊ अंगाच्या पाणक्याला साडेचार हृदयांचं काम, तेही अखंड. शिवाय नळी अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी केली की तेवढंच पाणी ढकलायला सोळा पट दाब लागतो, हा नियम ठिबकच्या बारीक नळीत गाळ बसला की शेतकऱ्याला वेगळ्या भाषेत कळतोच.

दुसरा खड्डा ऊर्जेचा होता, आणि तो जास्त खोल निघाला. ५.५ किलोवॉट-तास म्हणजे १९.८ मेगाजूल. त्यातला एक टक्का साखरेत साठतो असं धरलं (शेतातल्या चांगल्या पिकाचं प्रमाण साधारण याच घरात असतं), तर चौरस मीटरमागे दिवसाची कमाई सुमारे २०० किलोजूल, म्हणजे साडेबारा ग्रॅम साखर. खर्चाच्या बाजूला गटाने जिवंत ऊतकाला किलोमागे दिवसाला ४० किलोजूल धरले, साधारण थंड रक्ताच्या प्राण्याच्या मापाने. पहिल्या आराखड्यात चौरस मीटरवर ८ किलो जिवंत ऊतक होतं. खर्च ३२०, कमाई २००. गोतवेल रोज १२० किलोजूल तोट्यात उभी होती.

हा तोटा नवशिक्या आराखड्यात नेहमी दिसतो आणि त्याचं कारणही नेहमीचंच. झाड मोठं दिसतं म्हणून आपण प्रकाशावर जगणाऱ्या जीवाला मोठं करतो, पण झाडाचा बहुतेक भाग मेलेला असतो हे विसरतो. खोडाचा गाभा मेलेला, पाणी वाहणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्या. जिवंत असतो तो सालीखालचा पातळ थर, पानं, मुळांची टोकं. झाड उंची मेलेल्या अंगावर मिळवतं, म्हणून ती त्याला परवडते. प्राण्याच्या मांसाने उंच व्हायचं तर प्रत्येक इंचाला रोज जेवण घालावं लागतं.

तिसरी अडचण गटाला उशिरा दिसली, आणि तीही केळीच्या बागेमुळेच. एक सामाईक नळी म्हणजे साखरेला, पाण्याला आणि रोगालाही एकच रस्ता. केळीचा मर रोग करणारी फ्युसेरियम बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या नळ्यांतूनच वर जाते. ज्या जाती टिकतात त्या नळीत चटकन डिंकासारखा बोळा बसवून रस्ता बंद करतात, म्हणून टिकतात. ग्रॉस मिशेल या जातीला तो जमला नाही आणि १९६० च्या दशकापर्यंत निर्यातीच्या बागांतून तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. गोतवेलीच्या सगळ्या घटकजीवांची जनुकं एकसारखी. जो रोग एकाला धरतो तो सगळ्यांना धरणार. पहिल्या आराखड्यात नळीला एकही दार नव्हतं.

पुढे असलेले पर्याय

गटाने चार रस्ते कागदावर मांडले. त्यांतल्या दोघांवर फार वेळ गेला नाही.

पहिला, झाडासारखं ओढून घेणं. पानातून बाफ होणारं पाणी नळीतल्या पाण्याला वर ओढतं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, आणि म्हणून रेडवूड नावाचं झाड ११५ मीटर उंचीवरही पाणी नेतं. पण यासाठी नळीच्या भिंती कडक, मेलेल्या आणि ओढीने न चेपणाऱ्या हव्यात, आणि हवेचा बुडबुडा शिरला की तेवढी नळी बाद. हे सगळं दिलं की गोतवेल म्हणजे वेगळ्या रंगाचं झाडच. गटाने नकार दिला, आणि तो बरोबर होता. त्यांना वसाहती जीव तपासायचा होता, झाड पुन्हा शोधून काढायचं नव्हतं.

दुसरा, तळाशी एक मोठा हृदयासारखा पाणक्या. वरच्या हिशेबातच तो मेला.

तिसरा, टप्प्याटप्प्याने चढवणं. पाणक्यांची उतरंड करायची. प्रत्येकाने फक्त आपल्या उंचीइतकं पाणी उचलून वरच्याच्या ओंजळीत द्यायचं आणि मधल्या झडपेने ते खाली येऊ द्यायचं नाही. ८ सेंटिमीटरच्या एका टप्प्याला लागतो फक्त ०.६४ किलोपास्कल, पाच मिलिमीटर पाऱ्याहूनही कमी. एवढा दाब मऊ पिशवीसुद्धा देते.

चौथा, उंचीच सोडून देणं. २० सेंटिमीटर जाडीची, जमिनीवर पसरलेली चटई. पाणी चढवायचा प्रश्न जवळपास मिटतो, ऊतक कमी, उन्हाळ्यात भेगांत दबून राहायची सोय. तोटा एकच: शेजारी काहीही उंच वाढलं की सावली. पण ग्रहावर उंच वाढणारं दुसरं काही गटाने अजून रचलंच नव्हतं! तरी हा पर्याय अर्ध्या तासात बाजूला पडला, आणि खरं कारण हिशेबात नव्हतं. चटई तक्त्यावर उठून दिसत नव्हती. या प्रकरणातला हा सगळ्यात कच्चा निर्णय.

तिसरा पर्याय घ्यायचं ठरलं, उंची मात्र ९ वरून २.४ मीटरवर आणली.

काय केलं

आधी हाताने करून पाहिलं. रॉकेल काढायचे प्लॅस्टिकचे दाबपंप दुकानात मिळतात आणि त्यांत दोन छोट्या एकदिशी झडपा असतात. असे तीन पंप पारदर्शक नळीने एकापुढे एक जोडले, तळाच्या बादलीत कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी ठेवलं आणि तिघांनी तीन पंप धरले. तिघांनी एकदम दाबलं तेव्हा पाणी जेमतेम हललं. खालचा देतोय आणि मधल्याची पिशवी त्याच क्षणी दाबलेली, तर घेणार कुठे? खालचा दाबताना मधला सैल, मधला दाबताना वरचा सैल, असा ताल धरल्यावर निळं पाणी टप्प्याटप्प्याने चढलं. तिथून आराखड्यात एक नियम आला: शेजारच्या दोन पाणक्यांचं आकुंचन एका वेळी कधीच नाही, लाट खालून वर जाते. प्रत्येक पाणक्या आपली पिशवी ताणली गेली की आवळतो. ताण हाच इशारा, त्यामुळे मज्जासंस्थेची गरज उरत नाही.

याच खेळात दुसरी गोष्ट कळली. मधल्या पंपाच्या झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तिथून निळं पाणी मागे झिरपायला लागलं आणि मधला आणि वरचा कितीही दाबत राहिले तरी वरच्या भांड्यात थेंब पडेना. एका रांगेत तीस टप्पे असतील आणि एका हंगामात प्रत्येक टप्पा बिघडण्याची शक्यता फक्त एक टक्का धरली, तरी अख्खी रांग शाबूत राहण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ७४ टक्के. दोन टक्के धरली तर ५५. एक टक्का ऐकायला किरकोळ. तीस दुव्यांच्या साखळीत तो दर चौथी रांग घेऊन जातो.

म्हणून चौरस मीटरला एकाऐवजी सहा समांतर रांगा आल्या, ठिबकच्या लॅटरलसारख्या (पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या नळ्यांसारख्या), आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या. किती अंतरावर जोडायचं, यावर गटात खरी वादावादी झाली. दर पाच टप्प्यांना आडवी नळी दिली तर एका रांगेचा पाच टप्प्यांचा तुकडा शाबूत राहण्याची शक्यता ९५ टक्के, आणि एखादा तुकडा गेला तरी पाणी वळसा घेऊन जातं. दर दहाला दिली तर ९० टक्के. पाण्याच्या दृष्टीने पाचच बरं. पण प्रत्येक आडवी नळी म्हणजे रोगाला शेजारच्या रांगेत जायचं आणखी एक दार. गणित सांभाळणारी मुलगी पाचावर अडून होती, नानांचा मुलगा दहावर. त्याचा मुद्दा असा की कुकुंबर मोझॅकची, म्हणजे बागेत ज्याला हरण्या म्हणतात त्याची झाडं वेळेवर उपटून नष्ट केली नाहीत तर माव्यामार्फत तो शेजारच्या झाडांवर जातो. इथे तर माव्याचीही गरज नाही, नळीच आहे. शेवटी दहा ठरलं. आडव्या नळीच्या दोन्ही तोंडांना झडप बसवली आणि ती एरवी बंद, फक्त एका बाजूचा दाब पडल्यावर उघडणारी केली.

नंतर ऊर्जेचा हिशेब नव्याने. पाणी वाचवण्यासाठी पानकऱ्यांची छिद्रं दिवसा मिटलेली, रात्री उघडी ठेवली: निवडुंग, घायपात करतात तसं. साध्या पद्धतीच्या पिकाला एक ग्रॅम कोरडं वजन करायला ५०० ग्रॅमच्या आसपास पाणी लागतं. रात्री श्वास घेणाऱ्या वनस्पतींचं काम १०० ग्रॅमच्या आत-बाहेर भागतं. त्याबदल्यात वाढ हळू, म्हणून कमाई एक टक्क्यावरून ०.७ टक्के धरली. सांगाडा चुनखडीचा आणि मेलेला, प्रवाळासारखा. जिवंत अंग त्यावरचा पातळ थर. आकडे असे आले:

दिवसाची कमाई १३९ किलोजूल. जिवंत ऊतक २.१ किलो, त्याचा खर्च ८४. शिल्लक ५५.

या २.१ किलोत पाणक्ये किती? सहा रांगा, प्रत्येकी तीस, एकेकाचं वजन ४ ग्रॅम: ७२० ग्रॅम. त्यांचं पोट भरायला दिवसाला २९ किलोजूल. आता ते उचलतात किती? रोजचं १.२ लिटर पाणी २.४ मीटर उंच न्यायला लागणारं निव्वळ काम २३ जूल. किलोजूल नाही, जूल. पाणी उचलणं फुकटात जमा आहे. महाग आहे ते पाणक्याला पोसणं, हजार पटीहून जास्त महाग. या आकड्याने गटाचं धोरणच बदललं. तोवर ते पाणक्या जास्त ताकदवान करायच्या मागे होते. आता प्रश्न झाला पाणक्या किती लहान आणि किती कमी ठेवता येतो.

उन्हाळ्याचा निर्णय

इथे जरा थांबायला हवं, कारण सहज पटणारं उत्तर चुकीचं निघालं ते इथेच.

तापमान दहा अंशांनी वाढलं की सजीवांचा श्वसनाचा खर्च साधारण दुप्पट होतो. ३५ अंशांना ४० किलोजूल धरले तर ४५ ला ८०. २.१ किलो ऊतकाला दिवसाला १६८. पाणी संपलेलं, म्हणजे छिद्रं बंद, कमाई शून्य. असे ७५ दिवस जागं राहायचं तर १२,६०० किलोजूल साठा हवा.

गटाने लगेच पळसाकडे बघितलं. सातपुड्यातली झाडं काय करतात? पानं गाळतात. मग पानकऱ्यांनी गळून जावं, ०.७ किलो ऊतक उरावं, खर्च ७५ दिवसांचा ४,२०० किलोजूल. तक्त्यावर तसं लिहूनही झालं. पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारलं की पावसात ते १.४ किलो परत वाढवायला किती लागेल. पाचवा हिस्सा कोरडं वजन धरलं तर २८० ग्रॅम, ग्रॅमला १७ किलोजूल, वर बांधणीचा खर्च एक तृतीयांश: सुमारे ६,३००. एकूण साडेदहा हजार. एवढी उलथापालथ करून वाचले दोन हजार.

तिसरा मार्ग होता झोपेचा. आफ्रिकेतले फुप्फुसमासे आणि कोरड्या भागातल्या गोगलगायी उन्हाळी झोपेत श्वसनाचा खर्च नेहमीच्या तुलनेत फार खाली आणतात. गटाने बेताने चौथा हिस्सा धरला. सगळं अंग जागच्या जागी, मिटलेलं, ७५ दिवसांचा खर्च ३,१५० किलोजूल. म्हणजे १८५ ग्रॅम स्टार्च.

मग पळस असं का करत नाही? कारण पळसाचं पान रुंद आहे, ते बंद करून ठेवता येत नाही. तो पान गाळतो ते मुख्यतः पाण्यासाठी. इथे गोतवेलीची परीक्षाही पाण्याचीच होती: मिटलेल्या पानकऱ्यातून दिवसाला ०.७ टक्के पाणी उडालं तरी ७५ दिवसांत ४१ टक्के जातं. गटाने ४० टक्क्यांची मर्यादा घातली आणि मेणाचा जाड थर, चेंडूसारखी घडी आणि चुनखडीचं झाकण असे तीन उपाय दिले. झाकणाची कल्पना गोगलगायीवरून घेतली. तीही कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करते.

सांध्याचं तिसरं काम

काळी जमीन उन्हात भेगाळते आणि भेग वसाहतीच्या मधोमध गेली तर अंग फाटतं. कागदावर ही निव्वळ आपत्ती होती. चित्रकार मुलाने ती उलटी फिरवली. झडपेचा सांधा, म्हणजे झडप बसवून दोन भाग जोडले आहेत ती जागा, आधीच बारीक आहे, तिथे सांगाडाही पातळ ठेवा. फाटायचंच तर तिथेच फाटू दे. फाटल्यावर दोन्ही बाजूंच्या झडपा मिटतात, जखम उघडी राहत नाही, आणि दोन तुकडे दोन वसाहती होऊन जगतात. पिलक्याचं निम्मं काम जमिनीनेच केलं.

अशा रीतीने एकाच सांध्याकडे तीन कामं आली: पाणी मागे न येऊ देणं, रोगाचा रस्ता बंद करणं आणि ठरल्या जागी तुटणं. गट यावर फार खूष होता. इथे सावध राहायला हवं होतं. पाण्यासाठी सांधा मिनिटाला कित्येक वेळा सहज उघडायला हवा, रोगासाठी एकदा बंद झाला की पुन्हा उघडता कामा नये, आणि तुटण्यासाठी तो कमकुवत हवा. या तीन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यांपैकी पहिल्या दोघींची तडजोड गटाने केली: झडपेचे दोन पडदे, आतला रोजचा, बाहेरचा एकदाच मिटणारा. बाहेरचा कधी मिटायचा, हा उंबरठाही ठरवावा लागला. फार हळवा ठेवला तर साध्या आंबूसपणानेही दारं मिटतात आणि वरचे पानकरी तहानेने मरतात. फार निबर ठेवला तर मर रोगासारखं काही वर जाऊन बसल्यावर दार लागतं. त्यांनी एक सोपी अट घातली: खालून येणाऱ्या पाण्यात मेलेल्या पेशींचे अंश सलग तीन लाटांत आले तरच. तिसऱ्या मागणीला, कमकुवतपणाला, उत्तर मिळालं नाही. वाऱ्यात २.४ मीटरची गोतवेल त्याच सांध्यांवर डोलणार आहे.

शेजारची गोतवेल

दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या तर जुळायचं का? पहिल्या आराखड्यात जुळत होत्या, कारण मोठी वसाहत छान दिसते. पण जुळल्या तर एकीने फक्त पिलक्ये काढायचे आणि पाणी दुसरीचं प्यायचं, ही फुकटेगिरी सुरू होते. समुद्रातल्या बोट्रिलस या वसाहती जीवात हे खरंच दिसतं: ओळख पटवणाऱ्या जनुकाची निदान एक प्रत जुळली तरच दोन वसाहती एकजीव होतात, आणि एकजीव झाल्यावरही एकीच्या प्रजनन पेशी दुसरीच्या अंगात घुसून तिची जागा घेऊ शकतात. गटाने नियम कडक केला. एकाच पिलापासून तुटलेल्या तुकड्यांनीच पुन्हा जुळायचं. बाकी सगळ्यांत भाऊबंदकी, कडेला राखण्यांची रांग.

निष्पत्ती

प्रदर्शनात तक्ता आणि तीन पंपांचा नमुना दोन्ही मांडले. नमुना लोकांना जास्त आवडला. ताल चुकला की पाणी थांबतं हे हाताने कळत होतं. परीक्षकांनी एकच अवघड प्रश्न विचारला: हे सगळं एकदम कसं आलं? मधल्या पायऱ्या काय?

याचं उत्तर गटाकडे तिथल्या तिथे नव्हतं, आठवड्याने आलं, आणि ते चांगलं आहे. गोतवेलीचा पूर्वज नदीच्या डोहात राहणारी चटई असावा. त्यातला प्रत्येक घटकजीव अन्नासाठी आपल्या अंगातून पाणी खेळवत होता, म्हणजे प्रत्येकाकडे स्वतःचा पंप आधीच होता. उन्हाळ्यात डोह आटत गेला तेव्हा वरच्या थराला खालच्याने टाकलेलं पाणी मिळत राहिलं. थरावर थर चढला तसे पंपावर पंप आपोआप रचले गेले. टप्प्याटप्प्याने चढवणं ही नंतरची हुशारी नव्हती, वसाहतीच्या घडणीतच ती होती. गंमत म्हणजे या उत्तरात नाकारलेली २० सेंटिमीटरची चटई पूर्वज म्हणून परत आली.

वेगळं काय करता आलं असतं

चटईपासून सुरुवात करायला हवी होती. आधी २० सेंटिमीटरचा जीव हिशेबात बसवायचा, मग सावली करणारा शेजारी रचायचा, आणि त्या दबावाने उंची वाढू द्यायची. मग २.४ मीटर हा आकडा कुठून आला, हे सांगता आलं असतं. आता तो तीस टप्पे सरळ मांडता येतात म्हणून आला आहे.

ऊर्जेचा हिशेब चित्राच्या आधी. चौरस मीटरमागे कमाई काढायची, तिला किलोमागच्या खर्चाने भागायचं. जो आकडा येतो त्याच्या निम्म्याहून जास्त जिवंत ऊतक द्यायचं नाही. २०० भागिले ४० म्हणजे ५, म्हणून अडीच किलो. हे गणित दोन ओळींचं आहे आणि त्याने दोन महिन्यांची चित्रं वाचली असती.

सूर्यप्रकाश वर्षभर ५.५ धरणं चूक होतं. खानदेशात पाणी असतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा आभाळ भरलेलं. आणि आभाळ निरभ्र असतं तेव्हा पाणी नसतं. सरासरीने ही ओढाताण झाकली जाते. खरा हिशेब महिन्यावार मांडला तर ५५ किलोजूलची शिल्लक पावसात बरीच कमी भरेल आणि ऑक्टोबर ते जानेवारी हाच कमाईचा हंगाम ठरेल, केव्हा पिलक्ये सोडायचे हेही त्यावरून बदलेल.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ७५ दिवस मिटून राहिलेली गोतवेल पहिल्या मोठ्या पावसात जागी होते. काळी जमीन तेव्हा फुगून भेगा बंद करते, दोन दिवसांत चिबडते, मातीतली हवा संपते. नेमके त्याच वेळी तळाचे पाणक्ये झोपेतून उठून दुप्पट जोराने श्वास घ्यायला लागतात. तक्त्यावर त्या जागी नानांच्या मुलाने पेन्सिलीने लिहिलंय: "खालच्या रांगेला श्वास कुठून?" ती ओळ अजून खोडलेली नाही.